हैदराबादेहून परत आलेला हिमरू

परभणीच्या थंडीची परभणीबाहेर कोणाला फारशी कल्पना नसते. मराठवाडा म्हटले की ऊन, टँकर आणि दुष्काळ एवढेच लोकांच्या डोळ्यांपुढे येते. पण डिसेंबरच्या अखेरीस वर्तमानपत्रात मराठवाड्यातल्या नीचांकी तापमानाचा आकडा छापून येतो तो पुष्कळदा आमच्या कृषी विद्यापीठातल्या नोंदीचा असतो. अशा थंडीत पहाटे अंगणात उभे राहून दूधवाल्याची वाट पाहताना, लग्नाकार्यात मांडवाखाली बसताना आणि देवगिरी एक्स्प्रेसच्या वातानुकूलित डब्यात रात्र काढताना जी एक शाल मी २०१७ च्या डिसेंबरपासून वापरत आहे, तिच्याविषयी हे लिहीत आहे. शाल हिमरूची, म्हणजे औरंगाबादच्या नावाजलेल्या सुती-रेशमी विणीची आहे आणि ती हैदराबादेत सुरैया हसन बोस यांनी उभारलेल्या मागशाळेत विणलेली आहे. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, लहानाची मोठी झालेल्या बाईने हिमरू घ्यायला हैदराबादेला जावे हे आंब्यासाठी केशर सोडून परमुलुखात जाण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. तसे का झाले हे सांगितल्याशिवाय या शालीचे मोल सांगता येणार नाही, म्हणून आधी एका फसलेल्या खरेदीची हकीकत सांगते.

२०१६ साली भाचीच्या लग्नात तिच्या सासूबाईंना मानाची शाल द्यायची होती. आपल्या गावची वस्तू द्यावी या हौसेने मी माहेरच्या शहरातल्या एका दुकानातून ‘असली हिमरू’ म्हणून २,८०० रुपयांची शाल घेतली आणि मोहाने तशीच एक स्वतःसाठीही घेतली. दुकानाच्या दर्शनी भागात एक हातमाग मांडलेला होता, त्यावर एक वृद्ध कारागीर बसलेला होता, आणि पर्यटकांच्या बसमधून उतरलेली मंडळी त्याचे फोटो काढत होती. माग खरा होता, कारागीरही खरा होता. मात्र आतल्या फळ्यांवर रचलेल्या शालींच्या गठ्ठ्यांचा त्या मागाशी काही संबंध आहे का, हे विचारायचे मला सुचले नाही. दोन महिन्यांनी शालीच्या टोकाची गोंड्याची दोरी सुटली म्हणून तिचे दोन धागे काढून मी उदबत्तीच्या निखाऱ्यावर धरले. रेशीम जळाले तर केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरडली जाते. सूत जळाले तर कागद जळाल्याचा वास येतो. माझे धागे वितळले, आक्रसले आणि त्यांचा मोहरीएवढा टणक काळा मणी झाला. पुढच्या खेपेला दुकानात जाऊन मी ती शाल गल्ल्यावर ठेवली, तेव्हा मालकांनी अत्यंत शांतपणे मला सांगितले, “बाई, डिझाईन हिमरूचंच आहे ना? मग हिमरूच की ती.”

या उत्तराचा मला तेव्हा राग आला, पण नंतर मी त्यावर पुष्कळ विचार केला, कारण हिमरूचे आज जे काही झाले आहे ते सगळे त्या एका वाक्यात आहे. हिमरू म्हणजे कोयरी, अननस, पानवेल किंवा बदामाची नक्षी, अशी गिऱ्हाइकाची समजूत करून दिली की ती नक्षी कशावरही उठवता येते: पॉलिस्टरवर, छापील चादरीवर, फोनच्या कव्हरवरसुद्धा. प्रत्यक्षात हिमरू हे नक्षीचे नाव नसून विणीचे आहे. ताणा सुताचा, आणि नक्षी उठवणारा जादा बाणा रेशमाचा. जिथे फूल हवे तिथे रेशमाचा धागा वर येतो आणि जिथे नको तिथे तो कापडाच्या पाठीमागे मोकळा लोंबत पुढच्या फुलापर्यंत जातो. हे मागचे मोकळे धागे एकमेकांशेजारी इतके दाट पसरतात की उलट्या बाजूला रेशमाचा एक मऊ थरच तयार होतो, आणि हिमरूची ऊब त्या थरात असते. समोरून दिसते ती शोभा. अंगाला लागते ते हे मागच्या बाजूचे मोकळे रेशीम. ‘हम-रू’, म्हणजे सारख्या चेहऱ्याचे, अशी या शब्दाची फारसी व्युत्पत्ती सांगतात. सोन्याचांदीच्या तारेचे किनखाब ज्याला परवडत नाही किंवा वापरायला जड जाते त्याच्यासाठी तसेच दिसणारे सुती-रेशमी कापड, असा तो अर्थ. म्हणजे हिमरू स्वतः मुळात एक नक्कलच होती. फक्त ती नक्कल करणाऱ्याने सुतारेशमात इतका जीव ओतला की नकलेची स्वतःची जात झाली. पॉलिस्टरच्या नकलेबद्दल तसे म्हणता येत नाही.

महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादेस आणली तेव्हा त्याच्याबरोबर विणकरही आले, राजधानी परत गेली आणि विणकर इथेच राहिले, ही कथा आमच्याकडे शाळकरी पोरेही सांगतात. पुढे मलिक अंबराच्या खडकीला औरंगजेबाच्या काळात औरंगाबाद हे नाव पडले आणि मोगलांच्या दख्खन सुभ्याचा सगळा बडेजाव तिथे गोळा झाला, तेव्हा या कापडाला हक्काचे गिऱ्हाईक मिळाले. नंतर निजामाच्या अमदानीत शेरवानी शिवायची तर हिमरूची, असा दरबारी रिवाज होता. औरंगाबाद आणि हैदराबाद हे एकाच संस्थानातले असल्याने विणकरांची कुटुंबे, नक्ष्या आणि सूत या दोन शहरांत ये-जा करत असत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले आणि आम्ही मोकळे झालो. तो दिवस मराठवाड्यात झेंडावंदनाने साजरा होतो आणि व्हायलाच हवा. विणकराच्या घरात मात्र त्याच घटनेचा दुसरा हिशेब होता: दरबार गेला, दरबाराबरोबर शेरवानी गेली, आणि शेरवानीबरोबर हिमरूची मागणी गेली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेल्यावर दोन शहरांतला तो जुना धागाही सैल झाला.

हिमरूच्या या पडत्या काळात ज्या बाईने तो धागा हैदराबादेच्या टोकाकडून पुन्हा उचलला त्या सुरैया हसन बोस. त्यांच्या आयुष्याविषयी मराठीत फारसे लिहिलेले दिसत नाही, आणि शालीच्या परीक्षणात ते का सांगायचे असा प्रश्न कोणाला पडेल. पण या शालीच्या किमतीतला मोठा भाग त्या आयुष्याचाच आहे असे माझे मत असल्याने ते थोडे विस्ताराने सांगते.

१९२८ मध्ये हैदराबादेत जन्मलेल्या सुरैया हसन यांचे घराणे निजामाच्या राजधानीत राहून राष्ट्रीय चळवळीशी नाते सांगणारे होते. त्यांचे काका आबिद हसन हे इंजिनिअरिंग शिकायला जर्मनीला गेले आणि तिथे नेताजी सुभाषचंद्र बोसांचे सहकारी झाले. १९४३ मध्ये नेताजींनी जर्मनीहून पाणबुडीने जो पूर्वेकडचा प्रवास केला त्यात बरोबर असलेले एकमेव भारतीय ते. ‘जय हिंद’ हे अभिवादन त्यांनी सुचवले असे मानले जाते. झेंड्याच्या केशरी रंगावरून त्यांनी आपल्या नावापुढे ‘सफरानी’ हा शब्द जोडला. स्वातंत्र्यानंतर ते परराष्ट्र सेवेत होते आणि निवृत्तीनंतर हैदराबादेला परतले. सुरैयाबाईंचे लग्नही त्याच वर्तुळात, नेताजींचे थोरले बंधू शरदचंद्र बोस यांचे चिरंजीव अरविंद बोस यांच्याशी झाले, म्हणजे नेताजी त्यांचे चुलतसासरे. एवढे सगळे सांगितल्यावर लोक साहजिकच नेताजींविषयीच अधिक विचारतात, आणि या बाईंच्या स्वतःच्या कामाची गोष्ट मागे पडते. मी ज्यांना ज्यांना ही शाल दाखवली त्यांच्यापैकी निम्म्यांनी तेच केले.

त्यांचे काम सुरू झाले ते हैदराबादेतल्या सरकारी कुटिरोद्योग भांडारात. विक्रीच्या काउंटरच्या अलीकडे उभे राहून गिऱ्हाईक काय हात लावून पाहते आणि काय हात न लावता पुढे जाते हे शिकण्यासारखी दुसरी शाळा नाही. पुढे हातमाग-हस्तकलेच्या क्षेत्रातल्या जाणत्या पुपुल जयकर यांनी त्यांना दिल्लीला बोलावले, आणि हातमाग व हस्तकला निर्यात महामंडळात काम करताना देशभरच्या विणकामाची आणि परदेशी मागणीची त्यांना जवळून ओळख झाली. १९७० च्या दशकात, काकांच्या आग्रहाने, त्या हैदराबादेला परतल्या. दिल्लीत स्थिरावलेली नोकरी सोडून चाळिशी ओलांडलेल्या बाईने स्वतःचा धंदा उभारायचा, तोही हातमागाचा, तोही अशा काळात जेव्हा यंत्रमागाने गावोगावचे हातमाग बंद पाडले होते. आमच्याकडे याला ‘घरचं झालं थोडं’ असे म्हणतात. त्यांनी मछलीपट्टणची कलमकारी, तेलंगणातल्या विणकरांचे इकत आणि सतरंज्या यांना नवे बाजार मिळवून दिले. १९६० मध्ये फॅबइंडिया सुरू करणारे जॉन बिसेल हे त्यांच्या मोठ्या खरेदीदारांपैकी होते, आणि शहरी घरांतल्या पडद्यांवर, पलंगपोसांवर आज जे दख्खनी सुती कापड सहज दिसते त्यामागे या व्यवहाराचा वाटा आहे. कलमकारी आणि इकत विकून पैसा येत होता. हिमरू, मशरू, जामावार आणि पैठणी ही मात्र तोट्याचीच भीती अधिक असलेली कामे होती. धंदा कळणाऱ्या माणसाने ती हातात घेतली नसती. ती त्यांनी घेतली, आणि एकीचा नफा दुसरीच्या मागाखाली घातला, असे मला त्यांच्या कामाकडे पाहून वाटते.

हैदराबादेच्या पश्चिमेला, गोवळकोंडा आणि कुतुबशाही कबरींच्या पलीकडे, दर्गा हुसेन शाह वली म्हणून भाग आहे. आज त्याच्या आजूबाजूला काचेच्या इमारती आहेत. तेव्हा तो गावाबाहेरचा माळ होता. तिथे काकांच्या जागेवर त्यांनी मागशाळा काढली आणि काकांच्या नावाने सफरानी मेमोरियल ही शाळाही. हिमरू विणण्याची जुनी पद्धत ठाऊक असलेला एक उस्ताद त्यांनी शोधून काढला, आणि त्याच्यासमोर शिकायला बसवल्या त्या परिसरातल्या विधवा बायका. हे वाक्य वाचताना जितके साधे वाटते तितके ते नाही. विणकराच्या घरात बायकांनी काय करायचे हे ठरलेले असते: सूत उकलायचे, खळ द्यायची, चरख्यावर कांड्या भरायच्या. मागावर बसायचे ते पुरुषाने, आणि मजुरी हातात घ्यायची तीही त्यानेच. बाईची कांडी त्या मजुरीत कुठेच मोजली जात नाही. सुरैयाबाईंनी कांडीवाल्या हातांना माग दिला, ज्यांच्या घरात मजुरी घेणारा पुरुषच उरला नव्हता अशा बायकांना स्वतःची मजुरी दिली, आणि त्यांची मुले त्याच आवारातल्या शाळेत शिकवली. आपल्याकडे आता पैठणच्या मागांवर मुली बसलेल्या दिसतात, तेव्हा आपल्याला त्याचे नवल वाटत नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. तेव्हा मात्र ते नवल होते. सुरैयाबाईंचे २०२१ च्या सप्टेंबरात, वयाच्या ९३ व्या वर्षी निधन झाले.

माझी मामेबहीण काचीगुड्याला राहते. हैदराबादेतली जुनी मराठी कुटुंबे त्याच बाजूला, सुलतान बाजाराच्या आसपास आहेत, आणि ती अर्धे वाक्य मराठीत तर अर्धे दख्खनीत बोलते. माझी शालीची रडकथा ऐकून तीच म्हणाली, “अगं, तुमचा हिमरू आमच्याकडे येऊन राहिलाय, चल दाखवते तुला.” २०१७ च्या डिसेंबरात अजंता एक्स्प्रेसने मी काचीगुड्याला उतरले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी रिक्षाने दर्ग्याकडे गेलो. सुरैयाबाईंची गाठ पडली नाही, याची चुटपुट आजही आहे.

तिथे जे पाहिले ते दाखवण्यापुरते मांडलेले नव्हते. मागावर उभ्या ताण्याच्या वर दोऱ्यांचे एक जंजाळ असते. त्याला जाला म्हणतात. नक्षी कागदावर नसते, ती या दोऱ्यांच्या गाठींत बांधलेली असते. कोणत्या ओळीला ताण्याचे कोणते धागे उचलायचे हे एकेका दोरीच्या जुडग्यात आधीच ठरवून बांधून ठेवलेले; ते जुडगे ओढले की नेमके तेवढेच धागे उचलले जातात, त्या फटीतून रेशमाचा धोटा जातो, मग साध्या सुताचा धोटा जातो, मग फणी ठोकली जाते, आणि मग पुढचे जुडगे. एक जण ओढणार, दुसरा विणणार. दोघांपैकी एकाचे लक्ष उडाले तर फुलाची पाकळी वाकडी. जॅकार्डच्या पंच केलेल्या पुठ्ठ्यांनी हेच काम यंत्राकडे दिले, आणि संगणकवाले आपल्या शास्त्राचे मूळ त्या पुठ्ठ्यांपर्यंत नेऊन सांगतात. त्यांनी आणखी एक पायरी मागे येऊन जाला पाहायला हवा. शाळेत मी गणित शिकवले असल्याने मला तिथून हलवेना. सगळा दिवस बसून होणारे कापड इंचांत मोजावे लागते, हे मी ऐकून होते. प्रत्यक्ष पाहिल्यावर ‘इंचसुद्धा बरेच झाले’ असे वाटले.

शाल निवडताना मी सवयीप्रमाणे तिची सुलटी बाजू उजेडाकडे धरून फुले पाहत होते. जवळच कांड्या भरत बसलेल्या एका बाईंनी मान वर करून मला म्हटले, “सीधा तो सबीच देखते बाई, उलटा देखो.” मी शाल उलटवली. पिस्ता रंगाच्या रेशमाचे मोकळे धागे एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत, शेतातल्या तासांसारखे एका दिशेने गेलेले होते. काही ठिकाणी ते किंचित सैल, काही ठिकाणी ताठ, कुठेही कात्रीने कापलेले नाहीत. दोन्ही काठांना, मागावर कापड ताणून धरणाऱ्या काठीच्या टाचण्यांची बारीक भोके ठराविक अंतराने दिसत होती. यंत्राच्या शालीला पाठ असते ती कापून, चोपून सारखी केलेली. हिला तिच्या विणणारीच्या हाताचा कमीजास्त जोर होता. मी घेतली ती शाल जांभुळरसाच्या रंगाची, तिच्यावर पिस्त्याच्या छोट्या बुट्ट्या आणि दोन्ही पदरांवर कोयऱ्यांची ओळ. किंमत माझ्या आधीच्या फसव्या शालीच्या कितीतरी पट होती, एवढेच सांगते. निवृत्त शिक्षिकेच्या पेन्शनीत ती बसवताना मी त्या वर्षी दुसरी कोणतीही साडी घेतली नाही.

आता वापराविषयी. पहिल्या हिवाळ्यात ही शाल अंगाला थोडी कडक वाटली, कारण सुताचा ताणा नवा असताना मऊ नसतो. दुसऱ्या-तिसऱ्या हिवाळ्यापासून तिची घडी स्वतःहून पडू लागली आणि आता ती खांद्यावरून घसरत नाही. लोकरीच्या शालीइतकी ती गरम नाही, हे स्वच्छ सांगितले पाहिजे. ज्यांना कडाक्याच्या थंडीसाठी काही हवे आहे त्यांनी सरळ घोंगडी घ्यावी, ती स्वस्तही पडेल आणि पावसातही चालेल. मराठवाड्याच्या हिवाळ्याचा खरा घोळ असा की सकाळी सहाला दात वाजतात आणि अकराला घाम येतो. या दोन टोकांमध्ये दिवसभर अंगावर ठेवता येईल असे वस्त्र हवे असेल तर हिमरूइतके योग्य दुसरे मला माहीत नाही, कारण सूत असल्याने ती श्वास घेऊ देते. रंग जरासा निवळला आहे, पण तो वाईट दिसत नाही. जांभळाची जागा आता पिकल्या करवंदाने घेतली आहे.

दोष आहेत, आणि ते या मागशाळेचे नसून हिमरूच्या जातीचे आहेत. पाठीमागचे मोकळे रेशीम, जे तिचे वैभव, तेच तिचे दुखणे. बांगडी, अंगठी, मंगळसूत्राची वाटी, रिक्षाच्या दाराची कडी यांपैकी कशातही तो धागा अडकतो आणि सुलट्या बाजूला फुलाची पाकळी आत ओढली जाते. माझ्या शालीला आजवर असे चार ओढे बसले. अशा वेळी धागा कापायचा नाही. बोथट सुईने तो मागच्या मागे हळूहळू सरकवून ताण सारखा करायचा. मी हे काम दुपारच्या उन्हात खिडकीशी बसून करते आणि त्याला प्रत्येक वेळी तासभर जातो. शेरवानीला जुने लोक अस्तर का लावत असत, हे तेव्हा कळते. पाण्यात धुणे वर्ज्य. ड्रायक्लीनिंगवाल्यालाही ‘हे रेशीम आहे, आणि मागची बाजू मोकळी आहे’ असे दोनदा सांगावे लागते, तरी तो ऐकेल याची खात्री नाही, म्हणून दोन वर्षांतून एकदाच देते. एरवी हिवाळा संपला की सावलीत वारा देऊन, जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात गुंडाळून, आतल्या बाजूला वाळलेला कडुलिंबाचा पाला ठेवून ठेवते. डांबराच्या गोळ्यांचा वास रेशमात मुरला की निघत नाही. घडी दरवर्षी वेगळ्या ठिकाणी घालावी, नाहीतर रेशीम त्या रेषेवरच तुटू लागते. एवढे सोपस्कार ज्याला नको असतील त्याने ही वस्तू घेऊ नये; तसे म्हणण्यात त्या माणसाचा कमीपणा नाही.

त्याच खेपेला मी मशरूचे दोन मीटर कापडही घेतले होते. मशरूत हिमरूच्या उलट व्यवहार असतो: ताणा रेशमाचा, बाणा सुताचा, वरून साटीनसारखी चकाकी आणि अंगाला लागणारी बाजू सुती. शुद्ध रेशीम पुरुषाच्या अंगाला लागू नये या धर्मनियमातून काढलेली ही वाट, आणि नावाचा अर्थही ‘धर्माला मान्य’ असाच. त्याचे दोन ब्लाउज शिवले, दोन्ही अजून वापरात आहेत. त्याविषयी अधिक सांगण्यासारखे काही नाही, कारण त्यांनी कधी तक्रारीला जागाच दिली नाही.

आता कोणी मला विचारते की हिमरू कुठून घ्यावी, तेव्हा मी दुकानाचे नाव सांगत नाही. आपल्या संभाजीनगरातही प्रामाणिकपणे हातमागावर विणणारी मोजकी घरे आहेत, आणि त्यांना सोडून सगळ्यांनी हैदराबाद गाठावे असे माझे म्हणणे नाही. माझी चूक दुकान निवडण्यात झाली नाही, ती शाल उलटवून न पाहण्यात झाली. म्हणून मी एवढेच सांगते की दर्शनी माग पाहून भुलू नका; ‘हीच शाल या मागावर विणली का’ असे सरळ विचारा. पाठ पाहा, काठाची भोके पाहा, आणि दुकानदार गोंड्यातला एक धागा जाळून दाखवायला का-कू करू लागला तर चप्पल घालून बाहेर पडा. हातमागाची हिमरू महाग असते आणि ती महाग असणेच रास्त आहे. जाल्याखाली दोन माणसांचा दिवस काही इंचांत संपतो, त्या इंचांचे पैसे त्या दोघांना मिळाले पाहिजेत. स्वस्त हिमरू म्हणजे एक तर ती हिमरू नाही, किंवा त्या दोघांपैकी कोणाचा तरी दिवस बुडाला आहे. सुरैयाबाईंनी कांडी भरणारीचीही मजुरी धरून किंमत बांधली, असे माझे अनुमान आहे, आणि ते खरे असेल तर मी दिलेल्या पैशांत मला ती शाल स्वस्तच पडली.

गेल्या दिवाळीत ती भाची घरी आली होती. तिच्या सासूबाईंनी मानाची म्हणून मिळालेली ती शाल अजून मोठ्या कौतुकाने ठेवली आहे, आल्यागेल्याला ‘औरंगाबादची असली हिमरू’ म्हणून दाखवतात, असे तिने सांगितले. मी काही बोलले नाही. माझ्याकडची जोडीची शाल मी शिलाई मशीनवर झाकायला घातली आहे. नऊ उन्हाळे खिडकीतल्या उन्हात काढूनही तिचा रंग जराही उडालेला नाही, हे मात्र तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे.